बिरुद श्रीअन्नाचे, भाव भरडधान्याचा



ज्वारीला सध्या फार मान आला आहे. एप्रिल २०१८ मध्ये केंद्र सरकारने राजपत्र काढून भरडधान्यांना 'पौष्टिक तृणधान्ये' म्हटले. त्या यादीत ज्वारी-बाजरीच्या पंगतीला हिमालयातला कुट्टूही बसला. २०२३ हे आंतरराष्ट्रीय तृणधान्य वर्ष झाले आणि त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात 'श्रीअन्न' हे बिरुद मिळाले. बारसे दोनदा झाले. पाळण्यातले पोर उपाशीच आहे.

शहरात ज्वारीच्या पिठाच्या पाकिटावर आता नवा मंत्र छापतात : अँटिऑक्सिडंट. हा मंत्र आपणही समजून घेऊ. कीड, रोग, ऊन यांपासून बचावासाठी वनस्पती काही द्रव्ये तयार करतात. कुट्टूत रुटिन असते. तांबड्या ज्वारीत रंगद्रव्ये असतात, काही वाणांत टॅनिन असते. टॅनिनने दाणा तुरट होतो, पाखरे त्याला चोच लावायला कचरतात. प्रयोगशाळेच्या नळीत ही द्रव्ये ऑक्सिडीकरण रोखतात, हे खरे. पण नळीत घडते तेच माणसाच्या शरीरात घडते, असे नाही. कंपन्या या आकड्यांचा जाहिरातीसाठी गैरवापर करतात, म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ साली आपली यादीच मागे घेतली.

आणि आपली मालदांडी? पांढरी, गोड. टॅनिन नाममात्र, म्हणूनच भाकरी गोड लागते आणि म्हणूनच दिवसभर गोफण घेऊन राखण करावी लागते. फेरुलिक आम्लासारखी द्रव्ये तिच्यात आहेत, पण बहुतेक कोंड्यात. कोंडा काढून पांढरेशुभ्र पीठ विकायचे आणि वर शिक्का मारायचा, ही गिऱ्हाइकाचीही फसवणूक आहे.

ज्वारी मागे पडली ती गुण कमी म्हणून नव्हे. आधी लेव्ही लावून ती लुटली, मग रेशनवर स्वस्त गहू-तांदूळ ओतून तिची मागणी मारली. बारामती-इंदापुरात नीरा डाव्या कालव्यावरचा शेतकरी उसाकडे वळला तो हिशेबाने वळला, चवीने नाही. सुपे-मोरगावच्या जिरायतात ज्वारी टिकली, त्यात कडब्याचा मोठा आधार.

२०२५-२६ चा हमीभाव पाहा : संकरित ज्वारी क्विंटलला ३,६९९ रुपये, मालदांडी ३,७४९. राखण, हाताने उपटणी, खुडणी, मळणी या सगळ्याचे सरकारी मोल पन्नास रुपये! आणि भाव जाहीर होणे वेगळे, त्या भावाने माप होणे वेगळे.

तेव्हा जिल्हा बैठकीत या मागण्या ठणकावून मांडा :

१. रब्बीची ज्वारी खळ्यावर येण्याआधी खरेदी केंद्रे उघडा.

२. उत्पादन खर्चावर आधारित रास्त भाव द्या. भाव चढला की साठ्यावर आणि निर्यातीवर बंधने आणू नका.

३. माळेगाव खुर्दला २००९ पासून केंद्राची अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. तिच्यासारख्या संस्थांनी आपल्या शिवारातल्या ज्वारीची वाणवार तपासणी करून निष्कर्ष मराठीत छापावेत. गुण असतील तर ते आमच्या नावावर विकले जावेत.

४. पाकिटावर गुणांचा दावा करणाऱ्याने वाणाचे नाव आणि शेतकऱ्याला दिलेला भावही तिथेच छापावा.

आरती पुरे झाली. नैवेद्य कोण खातो, ते आता बोला!