साडेतेरा कोटी युरोंची मोटार

५ मे २०२२ रोजी स्टुटगार्टच्या मर्सिडीज-बेंझ संग्रहालयात निवडक संग्राहकांपुढे एक लिलाव झाला. १९५५ सालची ‘३०० एसएलआर’ कूपे मोटार साडेतेरा कोटी युरोंना एका संग्राहकाने घेतली. अशा मोटारी दोनच घडल्या. त्या वर्षअखेर कंपनी शर्यतींतून बाहेर पडली, आणि त्या शर्यतीत कधी उतरल्याच नाहीत. तेव्हा हे मोल उपयोगाचे नव्हे, घडविणाऱ्या कारागिरांच्या श्रमाचेही नव्हे. ते दुर्मिळतेचे आणि मूठभरांहाती साचलेल्या संपत्तीचे आहे.

ही रक्कम तरुणांच्या शिष्यवृत्त्यांसाठी वापरण्याचे कंपनीने जाहीर केले. हेतू स्तुत्यच. परंतु शिक्षण हा हक्क असेल, तर तो धनिकांच्या चढाओढीवर का अवलंबून असावा? दानाचे स्वागत करावे. संपत्तीवरील कराची मागणी मात्र सोडू नये.