टायर घेताना आधी पाऊस बघा, मग मायलेज

आज द्राक्षावर नाही, टायरवर लिहितोय.

शेतकऱ्याला हायब्रीड गाडी कशाला, असं विचारणारे विचारतीलच. सौ.चं डायलिसिस आहे, आठवड्यातून दोनदा वणीकडून नाशिक. जाऊन-येऊन ९० किलोमीटर. पेट्रोल परवडेना म्हणून २०२२ सालची ग्रँड विटारा हायब्रीड सेकंडहँड घेतली. २२ चं ॲव्हरेज देते. डिकीत बॅटरी असल्यामुळं दोन क्रेट धड बसत नाहीत, तेवढं सोडलं तर तक्रार नाही.

जूनच्या पहिल्या पावसात ओझरखेडच्या पुढं ट्रॅक्टरच्या चाकांनी वावरातला चिखल डांबरावर आणून ठेवलेला. ब्रेक दाबला, तर गाडी आठ-दहा हात सरळ घसरतच गेली. समोर कोणी नव्हतं म्हणून निभावलं. सौ. मागच्या सीटवर झोपलेली, तिला कळलंसुद्धा नाही. मी सांगितलंही नाही.

घरी येऊन बघितलं तर पुढच्या टायरांची नक्षी खाचेतल्या खुणेला टेकलेली. ती खूण १.६ मिलिमीटरवर असते. तिथं टेकली की टायर संपला. या गाडीत मोटारीचा जोर पुढच्या चाकांवर आणि ब्रेकचा जास्त भारही पुढंच, त्यामुळं पुढचे आधी झिजतात. मागच्यांना अजून ४ मिलिमीटर होती.

आता खिशाचं. टोमॅटोनं यंदा हात दिला नाही, चार नवे टायर घ्यायची ऐपत नव्हती. जो तो सांगत होता, हायब्रीडला मायलेजवालाच टायर घ्या, नाहीतर ॲव्हरेज पडतं. पडतं, हे खरं आहे. पण किती? वहीत मांडलं. वर्षाला १२,००० किलोमीटर. २२ नं ५४५ लिटर, २१ नं ५७१. फरक २६ लिटर. १०५ रुपये भाव धरला तर वर्षाचे २,७३० रुपये. एवढ्यासाठी ओल्या रस्त्यावर कमी धरणारा टायर घ्यायचा? मला नाही पटत. हलका पळणारा आणि ओल्यातही धरणारा असे दोन्ही गुण सिलिका जास्त घातलेल्या रबरात मिळतात, पण त्याचे पैसे जास्त पडतात. पैसे कमी असतील तर माझं मत ओल्यात धरणाऱ्याला.

एका दुकानात टायरमागं दोन हजार कमी सांगितले. बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचले, १८२१. म्हणजे २०२१ सालच्या अठराव्या आठवड्यातला माल. बियाण्याच्या पिशवीवरची तारीख बघितल्याशिवाय आपण पैसे देत नाही, मग इथं का डोळे मिटायचे? रबर पडून पडून कडक होतं. तिथून निघालो. साईज २१५/६० आर १७, त्यापुढं ९६ हा आकडा, म्हणजे एका टायरला ७१० किलोची ताकद. यापेक्षा कमी आकड्याचा कोणी फुकट दिला तरी नको.

शेवटी चांगल्या कंपनीचे दोनच घेतले. नवे पुढं लावा, असं फिटर म्हणत होता. आपल्यालाही तसंच वाटतं, कारण ओढ पुढची. पण ओल्या वळणावर मागची चाकं सुटली की गाडी गर्रकन फिरते आणि मग स्टेअरिंग काही कामाचं राहत नाही. पुढची घसरली तर निदान वेग कमी करून सावरता येतं. म्हणून नवे मागं बसवले, मागचे ४ मिलिमीटरवाले पुढं घेतले. फिटर नाराज झाला. होऊ दे.

नायट्रोजनला नाही म्हटलं. साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो. त्यापेक्षा गाडी थंड असताना दर पंधरा दिवसांनी हवा मोजा. दाराच्या चौकटीवर आकडा चिकटवलेला असतो, तेवढीच भरा.

ॲव्हरेज आता साडेएकवीस दाखवतंय. नव्या टायरची नक्षी खोल, रबर जास्त दबतं, म्हणून सुरुवातीला थोडं पडतंच. गाडी बिघडली समजून कोणी गॅरेजला पळू नका.

पुढचे दोन द्राक्षाचे पैसे आल्यावर. कुणाच्या हायब्रीडला टायर किती किलोमीटर चालले, खाली लिहा. रस्ता कोणता तेही सांगा.