कॉफीचे बिल कोणी भरायचे?



2020 च्या टाळेबंदीपासून घरून काम करणे रूढ झाले. पण लिंबायत, उधना, डिंडोलीच्या एका खोलीच्या घरात लॅपटॉप मांडायचा कुठे? म्हणून आपली मुले कॅफे शोधत डुमस रोडने पार समुद्रापर्यंत जातात. शहरापासून डुमस सुमारे 20 किलोमीटर! टोमॅटोची भजी तिथे जागोजागी मिळतात; पण शांत कोपरा, चार्जिंगचा प्लग आणि चालणारे इंटरनेट हवे, तर कॉफीवर कॉफी मागवावी लागते.

आम्ही बँकेतले कारकून, आकडेमोड आमचा धंदाच. रोजचे 150 रुपये धरा. 25 दिवसांचे झाले 3,750. पेट्रोल वेगळे. नव्या नोकरीच्या पगारातून उरणार काय?

घोडदोड रोडवर महापालिकेचे कवी नर्मद ग्रंथालय आहे. मग टेबल, प्लग आणि इंटरनेट असलेली कामाची खोली आपल्या प्रत्येक वॉर्डात का नसावी? कर आपणही भरतोच ना!

आणि आपले काय? आपलेच सभागृह लग्नाला नि गणेशोत्सवाला उघडते, एरवी कुलूप. मते मागायला येणाऱ्यांना जाब जरूर विचारा. पण आधी आपल्या कुलपाची किल्ली शोधा!