डायलिसिसच्या फेऱ्या मोजल्या, रक्तदाबाचे काय?

2016 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा झाली. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतही हा उपचार मोफत आहे. कन्नड-सोयगावच्या शेतमजुराला या यंत्रापर्यंत पोचता यावे, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु गोळ्या चालू असूनही यांतील अनेकांचा रक्तदाब चढाच का राहतो, याचा विचार व्हावयास हवा.

मूत्रपिंडे निकामी झाली की मीठ व पाणी शरीरात साचते आणि मुख्यतः त्यामुळेच दाब वाढतो. ते पाणी काढून रुग्णाला त्याच्या 'कोरड्या वजना'वर आणणे हा पहिला उपाय, गोळ्या त्यानंतरच्या. फ्रान्समधील तासें येथे आठ-आठ तासांचे संथ डायलिसिस आणि अल्प मीठ यांच्या बळावर बहुसंख्य रुग्णांना रक्तदाबाच्या गोळ्यांची गरज उरली नाही.

आता साधा हिशेब मांडू. तासाला दर किलो वजनामागे 13 मिलिलिटरहून अधिक वेगाने पाणी ओढल्यास हृदयाचा धोका वाढतो, असे आढळले आहे. म्हणजे 50 किलोच्या माणसाचे चार तासांत 2.6 लिटर पाणी निघावे. आठवड्यात तीनऐवजी दोनच फेऱ्या करणारा रुग्ण 4 लिटर घेऊन आला, तर 1.4 लिटर अंगातच राहते. तिसरी फेरी तो टाळतो, कारण त्या दिवसाची त्याची मजुरी बुडते, सोबत येणाऱ्याचीही बुडते. त्यात मराठवाड्याचा उन्हाळा. भाकरीबरोबर ठेचा नि लोणचे, म्हणजे पुन्हा मीठ आणि पुन्हा तहान. पोटॅशियम घातलेले 'कमी सोडियमचे' मीठ तर या रुग्णांना घातकच.

देयक फेरीमागे ठरले की फेऱ्याच मोजल्या जाणार. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटत नाही. म्हणून आपली मागणी नेमकी असावी. कोरडे वजन, पूर्ण झालेले तास आणि घरी घेतलेला रक्तदाब यांची नोंद प्रत्येक केंद्राला बंधनकारक करावी. बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळावी. आहाराचा सल्ला रुग्णाचे ताट पाहून द्यावा.

छत्रपती संभाजीनगरच्या कार्यकर्त्यांनी आरंभ घाटी रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांपासून करावा. त्यांना एवढेच विचारावे: आपले कोरडे वजन किती, हे आपणांस कोणी सांगितले आहे काय?