‘साहेब, हा नियम कुठे लिहिलाय?’ सावद्यासारख्या शहराचा कायदा एका जागी का हवा

समजा, सावद्यात बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याच्या कडेला तुमचं चहाचं दुकान आहे. सकाळी नगरपरिषदेचा कर्मचारी येतो. दुकानापुढे कागदी कप पडलेले दिसतात आणि तो दंडाची पावती फाडतो. तुम्ही विचारता, “साहेब, हा नियम कुठे लिहिलाय?” उत्तर मिळतं, “वरून आलंय.”

वरून म्हणजे नेमकं कुठून? दिल्लीहून, मुंबईहून, जळगावहून, की नगरपरिषदेच्या सभेतून? दंड शंभराचा की पाचशेचा, हे कोणी ठरवलं? तो आकडा आजही तोच आहे का? दुकानदार बहुतेक वेळा वाद घालत नाही, पैसे देऊन मोकळा होतो. पण त्याचा प्रश्न अगदी रास्त आहे. राज्यातल्या कोणत्याही नगरपरिषदेला त्याचं उत्तर पाच मिनिटांत देता आलं पाहिजे.

थोडक्यात
• शहराचे स्वतःचे कायदे असतात, त्यांना उपविधी म्हणतात.
• ते राजपत्र, ठराव-वह्या, शासन निर्णय आणि परिपत्रकांत विखुरलेले असतात.
• नवे नियम करण्याइतकंच जुने नियम एका जागी, अद्ययावत आणि मराठीत ठेवणं महत्त्वाचं आहे.

उपविधी म्हणजे काय?

कायद्याची एक उतरंड असते. सर्वात वर संसद आणि विधिमंडळाचे अधिनियम. त्याखाली सरकारने केलेले नियम. त्याखाली नगरपरिषदेने आपल्या हद्दीपुरते केलेले उपविधी. त्यानंतर सर्वसाधारण सभेचे ठराव आणि मुख्याधिकाऱ्यांचे आदेश.

सावद्याची नगरपरिषद ‘महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५’ या कायद्याखाली चालते. बाजार, नळजोडणी, गटारं, मोकाट जनावरं, जाहिरात फलक अशा रोजच्या गोष्टींसाठी उपविधी करण्याचा अधिकार हाच कायदा देतो. त्याची पद्धतही ठरलेली आहे. मसुदा तयार होतो, तो जाहीर करून नागरिकांच्या हरकती मागवल्या जातात, सक्षम प्राधिकाऱ्याची मंजुरी घेतली जाते आणि मग तो प्रसिद्ध होतो.

इथे एक फरक लक्षात ठेवा. सभेत ठराव झाला म्हणजे उपविधी झाला असं नाही. दंड आकारायचा तर त्यामागे अधिनियम, नियम किंवा रीतसर मंजूर झालेला उपविधी लागतो. कराबाबत तर राज्यघटनेचं कलम २६५ स्पष्टच सांगतं की, कायद्याच्या आधाराशिवाय कर लावता येत नाही. म्हणून ‘कुठे लिहिलंय’ हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. तो घटनेला धरून आहे.

पण राज्याचा कायदा असताना गावचा वेगळा कशाला?

कारण गावं वेगळी असतात. माथेरान आणि सावदा, दोन्हीकडे नगरपरिषद आहे आणि दोन्ही १९६५ च्याच कायद्याखाली येतात. माथेरानला मोटारींना बंदी आहे. सावद्याचं तर पोटच केळीच्या ट्रकवर चालतं. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्या केळीचा हा पट्टा आहे. ट्रक कुठे उभे राहावेत, भरणीनंतर उरलेला केळीचा पाला आणि दांडे कुठे टाकावेत, आठवडे बाजारात कोणी कुठे बसावं, हे मुंबईत बसून ठरवता येत नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांना घटनात्मक दर्जा दिला, त्यामागचा विचारही हाच होता.

मग अडचण कुठे आहे?

नियम नाहीत ही अडचण नाही. ते जागोजागी आहेत आणि कोणता चालू, कोणता बाद हे सांगणारी एक यादी सहसा नसते, ही खरी अडचण आहे.

याला इतिहास कारणीभूत आहे. खानदेश मुंबई प्रांतात होता. इथल्या लहान शहरांना १९०१ चा मुंबई जिल्हा नगरपालिका कायदा लागू होता, मोठ्यांसाठी १९२५ चा बरो नगरपालिका कायदा आला. शेजारच्या वऱ्हाडात मध्यप्रांत-वऱ्हाडचा १९२२ चा कायदा होता. अजिंठ्याचा घाट चढून मराठवाड्यात गेलं की हैदराबादचा १९५६ चा. हे सगळे बाजूला सारून १९६५ चा एकच कायदा आला. मूळ कायदा बदलला तरी त्याच्याशी विसंगत नसलेले जुने नियम आणि उपविधी चालू ठेवायची पद्धत असते. त्यामुळे एखाद्या शहरात आजोबांच्या काळातला उपविधी आजही जिवंत असू शकतो आणि ते कार्यालयातल्या एखाद्याच ज्येष्ठ लिपिकाला ठाऊक असतं. तो निवृत्त झाला की शहराची स्मृतीही त्याच्यासोबत घरी जाते.

दुसरीकडे नवे कायदे शहरांवर नवी कामं टाकत राहतात. ८ एप्रिल २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी स्थानिक संस्थांना एका वर्षात उपविधी करायला सांगितलं. दिवसाला सरासरी १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या आस्थापना त्या नियमांनी ‘मोठे कचरा निर्माते’ ठरवल्या. केळीच्या पट्ट्यात हा आकडा गाठायला मोठा कारखाना लागत नाही. त्याआधी २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानेही स्थानिक संस्थांना उपविधी करण्याचा अधिकार दिला होता. केंद्राचे नियम बदलले की शहराचे उपविधीही तपासावे लागतात. ते तपासायचं काम कोणाचं, हे मात्र बहुतेक कार्यालयांच्या कामवाटपात लिहिलेलं नसतं.

कायदा प्रसिद्धच केला नाही तर?

सर्वोच्च न्यायालयाने याचं उत्तर १९५१ मध्येच दिलंय. हरला विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात जयपूर संस्थानाच्या अफू कायद्याखाली एका माणसाला ५० रुपये दंड झाला होता. तो कायदा संस्थानाच्या मंत्रिमंडळाने १९२३ मध्ये ठराव करून मंजूर केला होता, पण लोकांपुढे कधी प्रसिद्धच केला नव्हता. पूर्वी नागपूर उच्च न्यायालयात असलेले न्यायमूर्ती व्हिवियन बोस यांनी निकालपत्र लिहिलं. लोकांना माहीत होण्याची सोयच नसलेल्या कायद्याने त्यांना शिक्षा करणं नैसर्गिक न्यायात बसत नाही, असा त्याचा आशय आहे. शिक्षा रद्द झाली. दंड ५० रुपयांचाच होता, पण तत्त्व सगळ्या देशाला लागू झालं.

आता कोणी म्हणेल की, आपले उपविधी राजपत्रात छापले जातात, म्हणजे प्रसिद्ध झालेच. कायद्याच्या भाषेत बरोबर आहे. पण राजपत्रात त्या-त्या दिवशीचा बदल छापला जातो. ‘नियम ४ मधील अमुक शब्दांऐवजी तमुक शब्द घालावेत’ अशी ओळ वाचून चहावाल्याला काय कळणार? मूळ नियम एका वर्षीच्या राजपत्रात, पहिली दुरुस्ती दुसऱ्या वर्षीच्या, दुसरी तिसऱ्याच. तिन्ही शोधून, जोडून वाचायचं काम नागरिकावर टाकलं तर कायदा छापला गेला, पण पोचला नाही.

एका जागी आणणं जमतं का?

जमतं. बांधकामाचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. पूर्वी शहरागणिक, वर्गागणिक वेगळी विकास नियंत्रण नियमावली होती. डिसेंबर २०२० मध्ये राज्याने एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आणली. मुंबई आणि काही विशेष क्षेत्रं सोडली तर ती सगळीकडे लागू झाली. तिच्यातल्या तरतुदींवर मतभेद आहेत आणि दुरुस्त्याही बऱ्याच झाल्या. पण त्या दुरुस्त्या जागच्या जागी घातलेली अद्ययावत प्रत मिळते, म्हणून सावद्याचा अभियंता आणि पुण्याचा वास्तुविशारद एकाच पुस्तकातून बोलू शकतात.

शासन निर्णयांचंही तसंच आहे. प्रत्येक शासन निर्णय संकेतस्थळावर येतो आणि त्याला स्वतंत्र संकेतांक असतो. म्हणजे क्रमांक देऊन जपण्याची शिस्त राज्याला अनोळखी नाही. ती नगरपरिषदेच्या उपविधींपर्यंत यायला हवी.

बाहेरच्या देशांतही हेच केलं जातं. अमेरिकेतल्या अनेक शहरांत नवा नियम मंजूर झाला की तो शहराच्या संहितेत ठरलेल्या प्रकरणात, ठरलेल्या क्रमांकावर बसवला जातो. बाद झालेला मजकूर काढला जातो आणि कोणत्या वर्षी काय बदललं याची नोंद खाली राहते. वॉशिंग्टन डीसी शहराचा कायदा तर सॉफ्टवेअरवाले जिथे आपला कोड ठेवतात त्या गिटहबवर आहे. २०१८ मध्ये तिथल्या एका रहिवाशाने कायद्याच्या मजकुरातली चूक त्याच मार्गाने दाखवून दिली आणि ती दुरुस्तही झाली.

मी इंजिनिअरिंग शिकलो. तिथे पहिल्याच प्रकल्पात एक धडा मिळतो. फोल्डरमध्ये ‘फायनल’, ‘फायनल-२’ आणि ‘खरंच फायनल’ अशा तीन फाइल असतील, तर त्यातली एकही फायनल नसते. शहराच्या कायद्याचंही तेच आहे.

सावद्याच्या आकाराच्या शहरात हे करायचं कसं?

‘आमच्याकडे माणसं कमी आहेत’ ही तक्रार खोटी नाही. ४० हजारांपर्यंत लोकसंख्येच्या ‘क’ वर्ग नगरपरिषदेत एकच कर्मचारी तीन-तीन टेबलं सांभाळतो. पण या कामाला मोठं सॉफ्टवेअर किंवा सल्लागार कंपनी लागत नाही. सुरुवात एका तक्त्याने होते.

पहिलं काम यादीचं. प्रत्येक उपविधीसमोर पाच रकाने: विषय, कोणत्या कायद्याखाली केला, ठरावाचा क्रमांक व तारीख, राजपत्राची तारीख, आणि सध्याची स्थिती म्हणजे चालू, दुरुस्त की रद्द.

दुसरं, जोडलेला मजकूर. सगळ्या दुरुस्त्या मूळ मजकुरात घालून एक वाचनीय प्रत करायची. मूळ राजपत्राची प्रतही सोबत ठेवायची, कारण वाद झाला तर न्यायालयात तीच बोलते.

तिसरं, दरांचं वेगळं परिशिष्ट. शुल्क आणि दंडाचे आकडे वारंवार बदलतात, नियम क्वचित. आकडे वेगळ्या पानावर असले की दर बदलताना सगळं पुस्तक हलवावं लागत नाही.

चौथं, युनिकोड मराठी. स्कॅन केलेल्या फोटोवजा पीडीएफमध्ये किंवा जुन्या फाँटमध्ये टंकलेल्या मजकुरात मोबाइलवर शब्द शोधता येत नाही. ‘नळ’ टाइप केल्यावर नळजोडणीचा नियम समोर आला पाहिजे. २०२२ च्या स्थानिक प्राधिकरणे (राजभाषा) अधिनियमाने कामकाज मराठीत करायला सांगितलंच आहे. ते मराठी शोधता येईल असंही असावं.

पाचवं आणि सर्वात महत्त्वाचं, जबाबदार माणूस. यादी एकदा करून भागत नाही. नवा ठराव, नवं राजपत्र आलं की तिच्यात नोंद झाली पाहिजे. हे काम एका पदाच्या नावावर लिहून द्या आणि वर्षातून एकदा ही यादी सर्वसाधारण सभेपुढे ठेवा.

धोका नाही का?

एक आहे. एकत्रित प्रतीत टंकलेखनाची चूक झाली आणि लोक तिच्यावर विसंबले तर? म्हणूनच प्रत्येक पानावर ‘या तारखेपर्यंत अद्ययावत’ असं लिहावं आणि मूळ राजपत्राचा संदर्भ द्यावा. चुकीची भीती दाखवून प्रत करायचीच नाही, हा मार्ग नाही. आजच्या विखुरलेल्या कागदांत चुका नाहीत असं थोडंच आहे? त्या फक्त दिसत नाहीत.

दुसरा आक्षेप कार्यालयात दबक्या आवाजात ऐकू येतो: लोकांना सगळे नियम कळले तर ते वाद घालतील. घालू द्या. नियम हाताशी असला तर वाद लवकर मिटतो आणि कर्मचाऱ्यालाही आधार मिळतो. ‘वरून आलंय’ म्हणण्याऐवजी तो क्रमांक दाखवू शकतो. शिवाय तोंडी नियम माणूस बघून वाकतो. ओळखीच्या दुकानाला सवलत आणि हातगाडीला पावती, हे तोंडी नियमालाच जमतं.

तुम्ही काय करू शकता?

माहिती अधिकार कायदा २००५ चं कलम ४ सांगतं की, कार्यालय ज्या नियमांच्या आणि सूचनांच्या आधारे काम करतं ते त्याने स्वतःहून जाहीर करावेत आणि ती माहिती दरवर्षी अद्ययावत करावी. त्यासाठी नागरिकाने अर्ज करायचीही गरज पडू नये. तरी गरज पडलीच, तर दहा रुपये शुल्क भरून अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर मिळायला हवं. प्रश्न सोपे ठेवा: सध्या कोणते उपविधी चालू आहेत? प्रत्येकाची राजपत्राची तारीख काय? दंड व शुल्काचा चालू तक्ता कुठे पाहायला मिळेल? तो शेवटचा कधी अद्ययावत केला?

डिसेंबर २०२५ मध्ये राज्यात नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. प्रशासकांच्या लांबलेल्या काळानंतर नगराध्यक्ष आणि नगरसेवक पुन्हा सभागृहात बसले आहेत. रस्ते, गटारं, पाणी यांची आश्वासनं सगळ्यांनीच दिली असतील. त्यासोबत हे एक बिनखर्चाचं काम हाती घ्यावं. पहिल्या वर्षात आपल्या शहराच्या चालू उपविधींची यादी नगरपरिषदेच्या दारावरच्या फलकावर आणि संकेतस्थळावर लावावी.

म्हणजे पुढच्या वेळी चहावाल्याने विचारलं, “साहेब, हा नियम कुठे लिहिलाय?” तर कर्मचाऱ्याला वर बोट दाखवावं लागणार नाही. तो मोबाइल पुढे करील आणि म्हणेल, “हा बघा भाऊ, इथे.”