फुकटची बढती आणि प्रतीक्षायादी

परभणी स्थानकावरील आरक्षण खिडकीपुढे जो अर्ज भरून द्यावा लागतो, त्यात एक लहानसा रकाना असतो. जादा भाडे न आकारता वरच्या श्रेणीत जागा देता आली तर ती हवी की नको, एवढेच त्यात विचारलेले असते. रांगेत उभ्या असलेल्या माणसाचे लक्ष गाडीचा क्रमांक आणि तारीख यांवर खिळलेले असल्यामुळे हा रकाना पुष्कळदा कोराच राहतो. तो कोरा राहिला, की पूर्ण भाडे भरणाऱ्या प्रवाशाची संमती आहे असे रेल्वे धरून चालते. जाणीवपूर्वक ‘हो’ लिहिणारेही पुष्कळ असतात, कारण ‘फुकट ते पौष्टिक’ ही म्हण आपल्याकडे आरक्षणाच्या अर्जाहून कितीतरी जुनी आहे.

विमानप्रवासात अशा बढतीची चर्चा फार होते. परभणीला विमानतळ नाही, जवळचा म्हणावा तो नांदेडचा. तेव्हा इथल्या कारकुनाला, शिक्षकाला वा परीक्षेला निघालेल्या विद्यार्थ्याला हा प्रश्न भेटतो तो मुंबईकडे जाणाऱ्या देवगिरी किंवा नंदीग्राम एक्सप्रेसच्या तिकिटावर. शयनयान वर्गाचे तिकीट घ्यावे आणि वातानुकूलित डब्यात जागा मिळण्याची वाट पाहावी, की पहिल्यापासूनच वरचे भाडे मोजावे? प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे. पण वातानुकूलित तिसऱ्या श्रेणीचे भाडे शयनयानाच्या सुमारे अडीचपट असते आणि चार माणसांचे कुटुंब निघाले, की हा फरक महिन्याच्या किराण्याशी झगडू लागतो.

ही योजना रेल्वेने २००६ मध्ये, लालूप्रसाद यादव रेल्वेमंत्री असताना सुरू केली. तिची रचना समजून घेतली तर तीमागे औदार्य नसून हिशेब आहे हे ध्यानात येते. वरच्या श्रेणीत, तिची स्वतःची प्रतीक्षायादी संपल्यावरही काही जागा रिकाम्या राहतात आणि खालच्या श्रेणीत मात्र माणसे ताटकळत असतात. अशा वेळी खालच्या श्रेणीतील निश्चित तिकीट असलेल्या काही प्रवाशांना संगणक वर चढवितो आणि त्यांनी मोकळ्या केलेल्या जागा प्रतीक्षायादीवरील प्रवाशांना देतो. वर कोणी जावे हे संगणक कोणत्याही गुणवत्तेवाचून, सोडत काढल्यासारखे ठरवितो. रिकाम्या धावणाऱ्या जागेचे उत्पन्न शून्य असते. ती भरली म्हणजे प्रतीक्षायादीवरील माणसाचे पैसे परत करण्याची वेळ टळते. रेल्वेचे काही जात नाही, वर गेलेल्याचे काही जात नाही आणि खालच्याला जागा मिळते. कोणाचेही नुकसान न होता कोणाचे तरी बरे व्हावे, ही अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात पॅरेटोच्या नावाने शिकविली जाणारी गोष्ट प्रत्यक्षात क्वचितच आढळते. इथे ती बरीचशी आढळते. वातानुकूलित डब्यातील पांघरुणाचा आनंद ज्याला मिळतो तो या व्यवहारातला निमित्तमात्र आहे. खरा लाभार्थी प्रतीक्षायादीवरचा, त्याला न ओळखणारा दुसराच कोणी असतो.

या रचनेतूनच बढतीची शक्यता केव्हा असते आणि केव्हा नसते याचे उत्तर निघते. दिवाळीच्या किंवा उन्हाळी सुटीच्या दिवसांत दोन्ही श्रेणी तुडुंब भरलेल्या असतात. वर जागाच नाही, तेव्हा चढविणार कोठे? उलट आडदिवशी शयनयानातच जागा शिल्लक असतात. तेव्हा कोणाला वर नेण्याची रेल्वेला गरज नसते. बढती मिळावयाची ती या दोहोंमधल्या चिंचोळ्या पट्टीत, म्हणजे खाली गर्दी आणि वर ओस अशा रात्री. ज्या दिवशी माणसाला तिची सर्वांत अधिक निकड असते, नेमक्या त्याच दिवशी ती मिळण्याचा संभव सर्वांत कमी असतो. एखाद्याला मागे एकदा ती मिळाली आणि त्याने कार्यालयात चार जणांना ऐकविले, म्हणून पुढच्या खेपेची शक्यता वाढत नाही. न मिळालेल्यांच्या हकिगती कोणी सांगत बसत नाही.

समजा, दोन श्रेणींच्या भाड्यात सहाशे रुपयांचा फरक आहे आणि बढतीची शक्यता विसात एक आहे. मग या आशेचे मोल तीस रुपये झाले. वातानुकूलित प्रवासाची ज्याला खरोखर गरज आहे, मग तो शस्त्रक्रिया करून घेऊन मुंबईहून परतणारा रुग्ण असो की तान्हे मूल घेऊन निघालेली आई, त्याने तीस रुपयांच्या आशेवर सहाशे रुपयांची सोय सोडणे हा हिशेब नव्हे. ज्याला शयनयान पुरेसे आहे त्याला मात्र ही आशा खरोखरच फुकट आहे; त्याने ती खुशाल बाळगावी. डॅनियल कानेमन आणि आमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतात माणूस अत्यल्प शक्यतेला तिच्या वाजवीपेक्षा जास्त वजन देतो असे दाखविले होते. लॉटरीच्या दुकानापुढची रांग पाहिलेल्यांना त्यात नवल वाटू नये.

तरीही ‘फुकट’ या शब्दाची एकदा झडती घेतली पाहिजे. भाडे वाढत नाही हे खरे, पीएनआर क्रमांक तोच राहतो हेही खरे, आणि पुढे तिकीट रद्द केले तर कपात मूळ श्रेणीच्या दरानेच होते. परंतु गुडघेदुखीने त्रस्त अशा निवृत्त मुख्याध्यापकाला शयनयानात खालचा बर्थ मिळालेला असेल, तर वरच्या श्रेणीतही खालचाच मिळेल याची हमी नाही. थंड डब्यातल्या वरच्या बर्थवर चढण्याची कसरत हे त्याच्या बढतीचे मूल्य ठरते. एकाच तिकिटावरील कुटुंब वर गेले तरी जागा शेजारीशेजारी येतीलच असे नाही. गावाकडची चार कुटुंबे वेगवेगळ्या तिकिटांवर निघालेली असतील तर त्यांतले एखादेच उचलले जाऊन बाकीची खाली राहू शकतात, आणि त्या एका घराचा जेवणाचा डबा कोणत्या डब्यात राहिला याचा शोध मनमाडपर्यंत चालतो. अशांनी त्या रकान्यात स्पष्ट ‘नको’ लिहावे. त्यात कसलाही कमीपणा नाही.

यात एक विपरीत योगायोगही आहे. ज्येष्ठ नागरिकांना भाड्यात मिळणारी सवलत, पुरुषांना चाळीस आणि स्त्रियांना पन्नास टक्के, मार्च २०२० मध्ये थांबविण्यात आली. बढती पूर्ण भाडे देणाऱ्यांसाठी असल्याने सवलत होती तोवर ही मंडळी तिच्या कक्षेबाहेर होती. आता सवलत गेली आणि सोडतीत नाव आले. हातची रोख रक्कम काढून घेऊन चिठ्ठी हाती दिली, अशीच ही अदलाबदल झाली.

विमान कंपन्यांची रीत वेगळी आहे. काही प्रवासी येणारच नाहीत असे गृहीत धरून त्या जागांपेक्षा जास्त तिकिटे विकतात. सगळे आले की कोणाला वर बसवितात, कोणाला खाली उतरवितात. कोणाला उतरवावे हे कंपनीने मनमानीने न ठरविता मोबदला घेऊन थांबण्यास जो तयार असेल त्याला थांबवावे, असे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ ज्युलियन सायमन यांनी १९६८ मध्ये सुचविले. त्या वेळी ती कल्पना हसण्यावारी नेली गेली. पुढे सुमारे दहा वर्षांनी अमेरिकेत तीच रूढ झाली. आपल्याकडेही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार, तिकीट असून विमानात न घेतलेल्या प्रवाशाला भरपाई मिळते. रेल्वेच्या प्रतीक्षायादीवरील प्रवाशाला मात्र, जागा न मिळाल्यास, पैसेच तेवढे परत मिळतात आणि त्यातूनही कारकुनी आकार कापला जातो.

म्हणून बढतीच्या जुगारापेक्षा प्रतीक्षायादीचा जुगार परभणीकराला कितीतरी महाग पडतो. खिडकीवर घेतलेले प्रतीक्षायादीचे तिकीट खिशात घालून शयनयानात शिरावे आणि तिकीट तपासनिसाशी पुढचे पुढे पाहून घ्यावे, ही वर्षानुवर्षांची वहिवाट होती. १ मे २०२५ पासून अशा प्रवाशांना आरक्षित डब्यातून प्रवास करू न देण्याचा नियम कडकपणे अमलात आणण्याचे रेल्वेने ठरविले. निश्चित तिकीट असलेल्याच्या दृष्टीने ते न्याय्यच आहे. आपल्या पायाशी तीन माणसे बसलेली कोणाला आवडतात? पण सेलू, मानवत रोड किंवा पूर्णा येथून सकाळच्या मुलाखतीसाठी निघणाऱ्या तरुणापुढे मग सर्वसाधारण डब्याची रेटारेटी किंवा खासगी बसचे सणासुदीचे भाडे एवढेच उरते. मधल्या स्थानकांच्या वाट्याला येणारा कोटा मुळातच तुटपुंजा असतो आणि त्याची प्रतीक्षायादी गाडी सुटणाऱ्या स्थानकाच्या यादीपेक्षा सावकाश सरकते. तिकिटावर ‘प्रतीक्षा १२’ हा आकडा दिसला, की हे बारा कोणत्या यादीतले आहेत ते आधी पाहावयास हवे.

या सगळ्या सोडतींच्या मुळाशी टंचाई आहे. निजामाच्या राजवटीत घातलेला मनमाड-सिकंदराबाद हा मीटरगेज मार्ग या भागात रुंद होण्यास विसाव्या शतकाचे शेवटचे दशक उजाडावे लागले. परभणी ते मुदखेड दुसरा रूळ पडला. पण मुंबईच्या दिशेने परभणी ते छत्रपती संभाजीनगर या १७७ किलोमीटरांच्या दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ती ३१ जुलै २०२५ रोजी. एकेरी मार्गावर गाड्या वाढविण्याला मर्यादा असतात; समोरून येणारी गाडी निघून जाईपर्यंत आपली गाडी एखाद्या आडस्थानकावर उभी राहते, आणि शयनयानात असो वा वातानुकूलित डब्यात, तो खोळंबा सर्वांना सारखाच सोसावा लागतो. मंजुरी आणि प्रत्यक्ष रूळ यांच्यात मराठवाड्यात किती वर्षे जातात हे इथल्या वाचकाला सांगावयास नको. तोवर दर दिवाळीला आरक्षण खिडकीपुढची रांग पहाटेपासून लागतच राहील.