एका शितावरून किती भाताची परीक्षा?

३० नोव्हेंबर २०२३ ची संध्याकाळ. तेलंगणातले मतदान संपले आणि पाच राज्यांचे मतदानोत्तर अंदाज दूरचित्रवाणीवर झळकू लागले. रायपुरात चहाचे कप हातात धरून मंडळी नकाशा पाहत होती. बहुतेक वाहिन्यांनी छत्तीसगडला काँग्रेसचा रंग दिला होता. ३ डिसेंबरला मतपेट्यांचे कौल बाहेर आले. ९० पैकी भाजपला ५४ जागा, काँग्रेसला ३५!

मग अंदाज सांगणारे खोटे बोलले का? तसे म्हणणे सोपे आहे, पण पुरेसे नाही.

शितावरून भाताची परीक्षा करतात, ही म्हण घरोघरी ठाऊक आहे. ती खरी ठरते, कारण पातेले एक असते आणि आच सगळीकडे सारखी लागते. भाताचे कोठार म्हणवणाऱ्या छत्तीसगडात मात्र पातेली तीन आहेत. रायपूर, दुर्ग, बिलासपूरच्या मैदानी मुलखात ६४ जागा, उत्तरेच्या सरगुज्यात १४ आणि दक्षिणेच्या बस्तरमध्ये १२. मैदानी भागात लढत जवळजवळ बरोबरीची झाली. भाजप ३२, काँग्रेस ३१. खरा फरक पडला तो डोंगर-जंगलांत. २०१८ मध्ये सरगुज्याच्या सर्व १४ जागा काँग्रेसकडे होत्या. २०२३ मध्ये त्या सर्वच्या सर्व भाजपकडे गेल्या. बस्तरमध्येही भाजपने १२ पैकी ८ जिंकल्या. मैदानातले शीत चाचपून डोंगरातला भात कसा कळावा?

दुसरी गोष्ट रंगाची. एका संस्थेने काँग्रेसला ४० ते ५० आणि भाजपला ३६ ते ४६ जागा दिल्या होत्या. बहुमताला ४६ हव्या होत्या. म्हणजे पारडे कोणीकडेही झुकू शकते, हे त्या आकड्यांतच लिहिलेले होते. निकाल त्या मर्यादेच्याही पलीकडे गेला, ही संस्थेची चूक. पण नकाशात ‘सांगता येत नाही’ यासाठी रंगच नसतो, ही पाहणाऱ्यांची फसगत.

अमेरिकेसारख्या प्रगत देशातही हेच घडले. तेथे अध्यक्ष राज्याराज्यांच्या कौलावर ठरतो. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना देशभरात सुमारे २९ लाख मते अधिक मिळाली, तरी ट्रम्प विजयी झाले. विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांतला फरक मिळून ८० हजारांहून कमी होता. तेथल्या अनेक पाहण्यांत पदवीधरांची संख्या प्रमाणाबाहेर होती आणि ती नीट जुळवून घेतली गेली नव्हती. पुन्हा तेच. शीत पातेल्याच्या एकाच कडेचे!

मतदानोत्तर अंदाज शेवटच्या फेरीचे मतदान संपेपर्यंत दाखवता येत नाहीत, असा कायदा आहे. मतदानापूर्वीच्या पाहण्या मात्र कित्येक आठवडे कानांवर आदळत असतात. त्या ऐकून कोणी म्हणते, “निकाल तर ठरलेलाच आहे, रांगेत उभे राहून काय उपयोग?” अशा वेळी दोन आकडे आठवावेत. २०२३ मध्ये अंबिकापुरात उपमुख्यमंत्री टी. एस. सिंहदेव ९४ मतांनी हरले, तर कांकेरचा निकाल अवघ्या १६ मतांनी लागला. १६ मते म्हणजे एका गल्लीतली चार-पाच घरे.

नकाशा जरूर पाहावा, चहाबरोबर त्यावर वादही घालावा. पण तो पाहून घरी मात्र बसू नये.